आधी ‘नाही’ची सोय : नंदुरबारच्या मुलामुलींबरोबर संशोधन करण्याची कृती

पहिल्यांदा आम्ही सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत संमतिपत्रं घेऊन गेलो, तेव्हा वीस मिनिटांत अडतीस सह्या मिळाल्या. सरांनी नववीच्या मुली ओळीत उभ्या केल्या, ‘पाहुणे आलेत, सह्या करा’ म्हणाले, आणि पोरींनी शुद्धलेखनाच्या वहीत करतात तशा सुवाच्य सह्या केल्या. मी खूश झाले. संध्याकाळी हातपंपाजवळ त्यातली एक मुलगी रेंगाळत आली आणि हळूच म्हणाली, ‘मॅडम, आम्हाला किती मार्क पडले?’

ते अडतीस कागद अजून माझ्या कपाटात आहेत. त्यातला एकही मी वापरला नाही. पुढची कृती त्या प्रश्नातून शिकलेली आहे. एमएसडब्ल्यूचे विद्यार्थी, पीएच.डी. करणारे, संस्थांचे कार्यकर्ते, पाहणीला येणारे डॉक्टर आणि स्वतःच्या वर्गावर कृतिसंशोधन करणारे शिक्षक, या सगळ्यांसाठी ती आहे. मांडणी विज्ञानाच्या प्रयोगवहीसारखीच ठेवली आहे. मुलं म्हणजे इथे अठरा वर्षांखालची सगळी; बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा आणि बाल न्याय कायदाही तेच वय धरतात.

उद्देश

नंदुरबारमधल्या किशोरवयीन मुलामुलींकडून माहिती घेताना त्यांचा होकार खरा असेल, याची व्यवस्था करणे. खरा होकार ओळखायची खूण एकच आहे: त्याच मुलीला तितक्याच सहज ‘नाही’ म्हणता आलं असतं का? खालची प्रत्येक पायरी हाच प्रश्न विचारून तपासायची.

साहित्य

मुलांच्या बोलीतलं माहितीपत्रक, पालकांचं संमतिपत्र आणि मुलाचं वेगळं होकारपत्र, शाई-पॅड, झाकणाचा एक डबा, मूठभर मक्याचे दाणे आणि तितकेच खडे, बोलीभाषा जाणणारी सोबतीण, मदतीच्या क्रमांकांचा कागद, कुलपाची पेटी. आणि वेळ. दोन दिवसांच्या दौऱ्यात ही कृती होत नाही.

कृती

१. मुलांना विचारायची गरज आहे का, ते ठरवा.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा पाहणी करणाऱ्यांचा आवडता आहे. २०११च्या जनगणनेत दर दहा माणसांमागे सात आदिवासी, कुपोषणाच्या बातम्या नेहमीच्या, आणि २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव. महाराष्ट्रातले चारच जिल्हे त्या यादीत आले. त्यामुळे कागद घेऊन येणारी माणसं धडगाव-मोलगीच्या मुलांना नवी नाहीत. त्यातही रस्त्यालगतच्या त्याच त्या शाळा सगळ्यांना सोयीच्या पडतात, म्हणून तीच मुलं पुन्हा पुन्हा उत्तरं देतात.

तेव्हा आधी प्रश्न एका ओळीत लिहा. उदाहरणासाठी आपण हा धरू: ‘घर ऊसतोडीला गेलं की मुलांच्या शाळेचं काय होतं?’ आता त्याचे तुकडे करा. किती मुलं गैरहजर असतात, हे शाळेच्या हजेरीपटात मिळेल. मुकादमाची उचल किती होती, हे मोठी माणसं सांगतील. पण दुपारी फडावर धाकट्या भावाला सांभाळताना मुलीला काय वाटतं, हे तिच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. एवढंच मुलांना विचारायचं. बाकीचे प्रश्न त्यांच्या यादीतून काढून टाका.

२. आपल्यावर नजर ठेवणारं कोणीतरी नेमा.

विद्यापीठ किंवा वैद्यकीय संस्था असेल तर नैतिकता समितीची लेखी मंजुरी पहिल्या भेटीच्या आधी हवी. आरोग्याशी संबंधित संशोधनाला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. मुलांसाठी त्याच वर्षी वेगळी पुस्तिकाही निघाली. समाजशास्त्रीय आरोग्य संशोधनासाठी मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने २००० साली तयार झालेली तत्त्वं आजही हाताशी ठेवावीत अशी आहेत.

छोट्या संस्थेकडे समिती नसते. मग चार-पाच जणांचा गट करा: एखादी निवृत्त शिक्षिका, एक डॉक्टर, एक वकील, त्या भागातली एक आशाताई, आणि कुणाच्याही भिडेला न पडता ‘हे चुकतंय’ म्हणेल असा एक जण. प्रश्नावली त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा. कोणत्या प्रश्नाला आशाताई मान खाली घालते, तिकडे लक्ष द्या.

३. परवानगी आणि संमती वेगळ्या खणांत ठेवा.

आश्रमशाळेत पाय ठेवायला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी लागते. जिल्ह्यात अशी दोन कार्यालयं आहेत, नंदुरबार आणि तळोदा. मग मुख्याध्यापक, मग अधीक्षक किंवा अधीक्षिका. गावात काम असेल तर ग्रामसभा. जिल्ह्याचा बहुतेक भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला विशेष स्थान दिलं आहे. पण ग्रामपंचायतीच्या कचेरीतली बैठक पुरत नाही. पाड्यावर जा, संध्याकाळी सगळे शेतावरून आल्यावर बसा. कारभारी, पोलीस पाटील बोलतील. बायका मागे बसतील. उठण्याआधी त्यांच्याकडे वळून विचारा.

या सगळ्यांचं ‘हो’ मिळालं, की तुम्ही फक्त दारापर्यंत पोचलात. आत बोलवायचं की नाही, ते पालक आणि मूल ठरवणार.

हा फरक पुसला की काय होतं, ते देशाने पाहिलं आहे. २००९ साली ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने राज्य सरकारांच्या साथीने तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प राबवला. काही मुलींचे मृत्यू झाले, ओरड झाली आणि एप्रिल २०१०मध्ये काम थांबवलं गेलं. मृत्यूंचा लशीशी थेट संबंध चौकशीत दिसला नाही. दिसलं ते वेगळंच: खम्मममध्ये वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या पुष्कळशा संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. तेव्हाचा वडोदरा जिल्हा नर्मदेपलीकडे आपल्या अक्कलकुव्याला येऊन भिडत होता. तिथलं वसतिगृह आणि इथलं वसतिगृह यांत फार फरक नाही.

म्हणून नियम साधा ठेवा: अधीक्षकांची सही परवानगीच्या कागदावर. पालकांच्या रकान्यात ती कधीच नाही.

४. आईबाप गावात असतील तेव्हाच जा.

दिवाळी झाली की इथल्या पाड्यांमधून ऊसतोडीचे कोयते निघतात. बारडोली, नवसारी, सुरतेच्या बाजूचे साखर कारखाने, काही सौराष्ट्रात शेतमजुरीला. होळीला माणसं गावाकडे ओढली जातात. काठी गावची होळी आणि त्याआधीचे भोंगऱ्याचे बाजार चुकवणं जिवावर येतं. मधल्या तीन-चार महिन्यांत घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. या काळात संमती घ्यायला गेलात तर सही करायला आजी मिळेल. आजीचं प्रेम मोठं आहे, पण आईबाप हयात असताना संमती त्यांचीच हवी.

वेळापत्रक असं आखा. पालकांची भेट पावसाळ्यात, पेरणीची घाई सरल्यावर. मुलांशी बोलणं त्यानंतर, दिवाळीच्या आधी. भोंगऱ्या आणि होळीच्या आठवड्यात कामच ठेवू नका. त्या दिवसांत मुलांनी प्रश्नावलीसमोर बसणं हाच अन्याय. वसतिगृहातल्या मुलांचे पालक बाजाराच्या दिवशी किंवा सुट्टीला न्यायला येतात, तेव्हा भेटतात. फडावर असलेल्या पालकांशी फोनवर बोलायची वेळ आली, तर घरचं एक मोठं माणूस शेजारी बसवा, मजकूर पूर्ण वाचून दाखवा, संमती त्यांच्या आवाजात नोंदवा, आणि ते परतल्यावर कागदावर पुन्हा विचारा.

अंगठा घ्यायचा असेल तर साक्षीदार लागतो. तो शाळेचा नोकर नको आणि तुमच्या गटातलाही नको. त्याने मजकूर ऐकलेला हवा, नुसता अंगठा पाहिलेला नव्हे.

५. माहितीपत्रक बोलीत उतरवा आणि तोंडी तपासा.

जिल्ह्यात मराठी ही शाळेची भाषा. घरी पावरी, भिलीच्या वेगवेगळ्या बोली, मावची, कोकणी, खाली तापीकाठी अहिराणी आणि गुजरी. एका खोऱ्यात चाललेला शब्द दुसऱ्या खोऱ्यात हसू आणतो. मजकूर स्थानिक तरुणीकडून देवनागरीत लिहून घ्या; दुसऱ्या पाड्यातल्या, तो आधी न पाहिलेल्या व्यक्तीकडून पुन्हा मराठीत सांगून घ्या. ‘संशोधन’ या शब्दापाशी दोघेही अडखळतील. तो सोडून द्या. काय करणार ते सांगा, आणि त्याहून जास्त काय होणार नाही ते सांगा. आमचा आताचा मजकूर मराठीत असा आहे:

माझं नाव अमुक. मी अमुक गावाहून आले. मी शाळेची नाही, सरकारची नाही, दवाखान्याची नाही.
घर ऊसतोडीला गेलं की मुलांच्या शाळेचं काय होतं, ते मला समजून घ्यायचं आहे.
त्यासाठी तुझ्याशी एकदा, पाऊण तास बोलेन.
ही परीक्षा नाही. मार्क नाहीत. चूक-बरोबर काही नाही.
बोललीस म्हणून पैसे किंवा योजना मिळणार नाही. नाही बोललीस म्हणून तुझं काही जाणार नाही.
प्रश्न नको वाटला तर ‘पुढचा’ म्हण. मधेच उठून गेलीस तरी कारण विचारणार नाही.
तू सांगितलेलं सरांना, अधीक्षिकांना, घरी कळणार नाही. तुझं नाव छापणार नाही.
पण कोणी तुला इजा करत असेल, तर ते मला गुपित ठेवता येणार नाही. ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगेन, आणि आधी तुला सांगेन.
मन बदललं तर दिवाळीपर्यंत कळव. तुझं बोलणं काढून टाकू.

शेवटच्या ओळीत तारखेऐवजी सण घातला आहे, कारण तो सगळ्यांच्या लक्षात राहतो. वाचून झालं की ‘समजलं का?’ विचारू नका. वर्गात त्याचं उत्तर कायम ‘हो’च येतं. त्याऐवजी म्हणा, ‘आता तुझ्या मैत्रिणीला सांग, मी कशाला आले आहे.’ तिच्या सांगण्यात ‘परीक्षा’, ‘योजना’, ‘साहेब’ यांपैकी काही आलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

६. मुलाचा होकार गुप्तपणे घ्या.

आयसीएमआरच्या तत्त्वांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलांचा तोंडी होकार पालकांसमोर घेऊन नोंदवायचा आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी. पालकांनी हो म्हटलं आणि मुलीने मान हलवली नाही, तर विषय संपला.

अडचण अशी की सरांसमोर, मैत्रिणींच्या ओळीत मान हलतेच. म्हणून डबा. माहिती सांगितल्यावर त्या दिवशी काहीच विचारू नका; रात्र मधे जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पडद्याआड डबा ठेवा. प्रत्येकीच्या हातात एक दाणा, एक खडा आणि स्वतःच्या क्रमांकाच्या दोन चिठ्ठ्या. बोलायचं असेल तर दाणा चिठ्ठीत गुंडाळून टाकायचा, नको असेल तर खडा. उरलेली पुडी खिशात. डबा फक्त तुम्ही उघडायचा, शाळेबाहेर.

नंतर बोलावताना मात्र सगळ्यांना बोलवा. खडा टाकलेल्या मुलींबरोबर पाऊण तास काहीतरी खेळा, चित्र काढा. दारातून आत कोण गेलं यावरून कुणी काय निवडलं ते सरांना कळलं, तर डब्याचा उपयोग शून्य.

दाणा टाकलेल्या मुलीला लेखी होकारपत्र बोलणं सुरू होण्याआधी, एकांतात द्या. आणि ‘पुढचा’ म्हणायचा सराव करून घ्या. खेळासारखं विचारा: ‘तुझ्या घरी कोंबड्या किती?’ तिने मुद्दाम ‘पुढचा’ म्हणायचं. ‘काल रात्री कोण घोरत होतं?’ ‘पुढचा.’ तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला ती हसू लागते. मोठ्या माणसाला नकार दिला आणि आभाळ कोसळलं नाही, हे तिच्या जिभेला कळलेलं असतं. संपूर्ण कृतीत या पाच मिनिटांइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलेलं नाही.

७. जागा आणि माणूस विचारपूर्वक निवडा.

जागा अशी हवी की सगळ्यांना दिसेल, पण कुणाला ऐकू येणार नाही. मैदानाच्या कडेचं आंब्याचं किंवा महूचं झाड उत्तम. बंद खोली नको, अधीक्षकांची कचेरी तर नकोच. मुलींशी बाईने बोलावं, आणि सोबतीण त्याच पाड्यातली नसावी. नाही तर बोलणाऱ्या मुलीच्याच मावशीच्या घरी ती उद्या जेवायला जाणार असते. सोबतिणीकडूनही गुप्ततेचं वचन लिहून घ्या आणि तिची मजुरी ठरल्याप्रमाणे द्या.

गटात बसून बोलताना ‘तुझ्या घरी काय होतं?’ असा प्रश्न टाळा. ‘एक मुलगी आहे, तिचं घर दिवाळीनंतर सुरतेला निघालं. ती काय करेल?’ असं म्हणा. गोष्टीतली मुलगी सगळ्यांची असते. तिच्या नावाने पोरी पुष्कळ बोलतात आणि कुणाचं गुपित उघडं पडत नाही.

८. जे ऐकू येईल त्याची तयारी आधी करा.

ही पायरी टाळून चालणार नाही. पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संशोधकाला त्यातून सूट नाही.

इथे सातपुड्यात एक पेच येतो. मुलामुलींनी आपापला जोडीदार निवडून एकत्र राहायला लागणं, मग दोन्ही घरांनी बसून देज (वधूमूल्य) ठरवणं, ही इथली जुनी रीत. समाज तिच्याकडे गुन्हा म्हणून पाहत नाही. पण मुलगी सोळा वर्षांची असेल तर कायद्याच्या लेखी तिच्या संमतीला अर्थ नाही, आणि २००६चा बालविवाह प्रतिबंधक कायदाही आड येतो. तुम्ही सहज म्हणून विचारलेल्या ‘तुझं कोणी आहे का?’ या प्रश्नाने एका घरात पोलीस येऊ शकतात. म्हणून संबंध, लग्न, गरोदरपण हे प्रश्न तुमच्या मूळ ओळीत बसत नसतील तर विचारू नका. बसत असतील, तर गुप्ततेची हद्द आधी सांगितल्याशिवाय विचारू नका. माहितीपत्रकातली आठवी ओळ त्यासाठीच आहे.

अत्याचाराचं काही ऐकू आलंच, तर क्रम असा:

— तिला थांबवू नका, खोदूनही विचारू नका. चौकशी हे तुमचं काम नव्हे.
— ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ एवढं म्हणा.
— पुढे कुणाला सांगावं लागणार ते तिला सांगा.
— तिचेच शब्द, वेळ आणि तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.
— पोलिसांना कळवा. १०९८ या बाल मदत क्रमांकावर फोन करा. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा संपर्क आधीच खिशात हवा.
— ज्याच्याविषयी तक्रार आहे तो शाळेतलाच असेल, तर शाळेला आधी सांगायला जाऊ नका.

काही वेळा असं काही नसतं, नुसतं रडू येतं. फडावर दगावलेल्या भावाची आठवण येते. वही मिटा. पाणी द्या. गप्प बसा. बोलणं पुढे न्यायचं की नाही ते तिने ठरवायचं, तेही दुसऱ्या दिवशी. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक सोबत असू द्या, पण क्रमांक हातात देऊन मोकळं होऊ नका.

९. रक्त, वजन आणि फोटो.

या पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. २०२३च्या जुलैत राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून शाळांमधून तपासण्याही वाढल्या. रक्ताच्या एका थेंबात पुष्कळ काही असतं. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे, पण वर्गात यादी वाचून दाखवली तर मुलगी ‘सिकलवाली’ होते आणि ते नाव लग्न ठरवताना तिच्या आधी पोचतं. मुलाचा आणि आईबापांचा निकाल शेजारी ठेवला की घरातली झाकलेली गोष्टही उघडी पडू शकते. म्हणून निकाल पाकिटात, एकेकाला, पालकांसह आणि समजावून. ज्याला उपचार लागणार त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचवायची सोय नसेल, तर सुई टोचूच नका.

वजन-उंची घेताना आकडा ओरडून लिहून घ्यायची सवय मोडा. ‘कुपोषित’ हा शब्द मुलासमोर उच्चारायचा नाही.

फोटोत चेहरे नकोत. नाव बदललं की ओळख झाकली गेली, असं समजू नका. इथे पाडवी, वळवी, वसावे, पावरा ही आडनावं घरोघरी. आडनाव बदलून काही लपत नाही. उलट ‘चाळीस घरांच्या पाड्यातली बारावीला गेलेली एकमेव मुलगी’ एवढं लिहिलंत तर नाव न घेताही धडगावचा बसवाला तिला ओळखेल. पाड्याचं नाव, घरांची संख्या, भावंडं, आजार यांपैकी दोनच गोष्टी एका वाक्यात ठेवा आणि तिसरी काढा. अत्याचारग्रस्त मुलाची किंवा बाल न्याय यंत्रणेपुढे आलेल्या मुलाची ओळख उघड करणं तर कायद्यानेच निषिद्ध आहे.

१०. देणंघेणं सरळ ठेवा.

मुलांना रोख रक्कम नको. तिच्यापुढे नकार टिकत नाही. खाऊ द्यायचा तर दाणावाल्या आणि खडावाल्या दोघींना सारखाच, आणि सगळं संपल्यावर. पालकांची मजुरी बुडाली असेल तर ती भरून द्या. ही लाच नव्हे, त्यांचा दिवस आहे.

मुलांनाच सोबत घेऊन संशोधन करायचं असेल, तर तो आणखी चांगला रस्ता. मुंबईच्या ‘पुकार’ने वस्त्यांमधल्या तरुणांना स्वतःचे प्रश्न स्वतः शोधायला शिकवलं; संस्थेचे संस्थापक अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ साली संशोधन हा प्रत्येकाचा हक्क असल्याचं मांडलं. सातपुड्यातही हे जमण्यासारखं आहे, पण काही पथ्यं आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलांकडून मोबदल्याचं काम नाही. मोठ्यांनाही शाळेच्या वेळेत नाही. दोघा-दोघांनी जायचं, अंधाराआधी घरी पोचायचं. स्वतःच्या नातलगांना नाजूक प्रश्न विचारायचे नाहीत. आणि अहवालावर नाव हवं का, ते त्यांनाच विचारायचं. काहींना नाव हवं असतं आणि ते देणं हाही नीतीचाच भाग आहे.

११. कागद आणि आवाज सांभाळा.

मुलाखतीच्या वहीवर फक्त क्रमांक. क्रमांक आणि नाव यांची यादी वेगळ्या पेटीत, वेगळ्या घरात. आवाजाची नोंद फोनमध्ये असेल तर त्याच रात्री काढून सुरक्षित जागी ठेवा आणि फोनमधली पुसा. गटाच्या व्हॉट्सॲपवर एकही फोटो, एकही वाक्य जाता कामा नये. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. ऑनलाइन फॉर्म भरून घेणाऱ्यांनी हे विसरू नये. माहिती कधी नष्ट करणार ती तारीख आजच लिहा. काम लांबलं आणि मूल अठराचं झालं, तर पुन्हा जाऊन विचारा: लहानपणी दिलेला होकार अजून आहे का?

१२. परत जा.

छापायच्या आधी जा, नंतर नव्हे. जे लिहिलं ते पाड्यावर बोलीत वाचून दाखवा. ‘असं नाही, तसं होतं’ हे ऐकून दुरुस्त करा. मुलांना त्यांचं वेगळं वाचन द्या, मोठी माणसं नसताना. प्रकल्प कार्यालयाला प्रत द्या, शाळेच्या कपाटातही एक ठेवा. काही बदलणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. ‘वर कळवतो’ हे आश्वासन या डोंगरांनी पुष्कळ ऐकलं आहे.

निरीक्षण

वहीत पहिला रकाना नकारांचा आखा. किती जणींनी खडा टाकला? किती वेळा ‘पुढचा’ ऐकू आला? मधेच कोण उठून गेलं? दिवाळीपर्यंत कुणी निरोप पाठवला? होकार त्यानंतर मोजा.

अनुमान

सगळ्यांनी हो म्हटलं तर कृती फसली असं धरा आणि तिसऱ्या पायरीपासून पुन्हा तपासा. मार्क विचारणाऱ्या त्या मुलीनंतर दुसऱ्या वर्षी आम्ही डबा घेऊन गेलो, तेव्हा उघडल्यावर तळाशी नऊ खडे निघाले. त्या रात्री मी ते दोनदा मोजले, आणि अडतीस सह्यांच्या दिवसापेक्षा निवांत झोपले.